‘संगणकाचा जनक कोण?’ याच्या पुढचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये दांडीला लटकून ऐकत असाल, एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल किंवा मेसच्या रांगेत उभं राहून, आजचा भाग तुमच्यासाठी आहे. आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे कम्प्युटर सायन्सचा इतिहास आणि तो विद्यार्थ्यांना कसा शिकवायचा. मी कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स शिकवते, त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. ‘इतिहास’ म्हटल्याबरोबर ज्यांचा अंगठा पॉजच्या बटणाकडे गेला, त्यांनी पाचच मिनिटं थांबा. नंतर बंद केलंत तरी माझी तक्रार नाही.

शाळेतलं आठवा. संगणकाचा जनक कोण? चार्ल्स बॅबेज. एक मार्क. संपला इतिहास.

गंमत म्हणजे या जनकाने आपलं एकही मोठं यंत्र पूर्ण केलं नाही. सरकारचे पैसे गेले, कारागिराशी वाजलं आणि बॅबेजच्या डोक्यात तोवर आणखी मोठ्या यंत्राचा आराखडा तयार झाला. त्याच्या ‘डिफरन्स इंजिन क्रमांक दोन’चं गणित करणारं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या रेखाटनांवरून बनवलं, ते १९९१ साली, त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा. आणि ते चाललं! म्हणजे आराखडा बरोबर होता. मग त्याच्या हयातीत का नाही झालं? हा प्रश्न वर्गात टाकला तर अर्धा तास चर्चा चालते. पण परीक्षेत तो कधी येत नाही, कारण त्याचं एका ओळीत उत्तर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पिढ्यांचा तक्ता. तुमच्यापैकी नव्वद टक्के लोकांनी हा पाठ केला असणार, मी पैज लावते. पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आयसी, चौथी मायक्रोप्रोसेसर आणि पाचवी पिढी... कृत्रिम बुद्धिमत्ता. पहिले चार रकाने सुट्या भागांचे आहेत. म्हणजे यंत्र कशापासून बनलंय ते सांगणारे. पाचवा रकाना अचानक वेगळाच. कृत्रिम बुद्धिमत्ता हा काही सुटा भाग नाही, दुकानात किलोवर मिळत नाही. मग हा रकाना आला कुठून?

१९८२ मध्ये जपान सरकारने एक मोठा प्रकल्प सुरू केला. नाव होतं ‘फिफ्थ जनरेशन कम्प्युटर सिस्टिम्स’. दहा वर्षांत तर्क करणारी, एकाच वेळी अनेक प्रोसेसर चालवणारी नवीन जातीची यंत्रं बनवायची, असा बेत. अमेरिका, ब्रिटन सगळे दचकले. पण दहा वर्षांत साधे मायक्रोप्रोसेसरच इतके वेगवान झाले की त्या खास यंत्रांना बाजारात जागा उरली नाही. आज आपण ज्याला एआय म्हणतो ते वेगळ्या वाटेने आलं, न्यूरल नेटवर्क आणि प्रचंड डेटाच्या वाटेने. प्रकल्प गुंडाळून तीस वर्षं झाली, पण त्याचं नाव आपल्या तक्त्यात मात्र तसंच राहिलं. म्हणजे आपण इतिहास म्हणून जे पाठ करतो, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या एका सरकारी घोषणेचं शीर्षक आहे!

हा तक्ता फळ्यावर लिहायचा, आणि मग मुलांना विचारायचं, यातला कुठला रकाना बाकीच्यांसारखा नाही? इतिहासाचा पहिला तास असाच घ्यावा असं मला वाटतं.

पण खरं सांगायचं तर इतिहासाचा वेगळा तास हीच कल्पना मला फारशी पटत नाही. पहिल्या आठवड्यात एक प्रकरण उरकायचं, मग वर्षभर त्याचं नावही नाही, असं त्याचं होतं. लोणचं एकदाच ताटभर वाढून पुढे जेवणभर वाढायचंच नाही, असला प्रकार. माझं म्हणणं असं की जो अल्गोरिदम शिकवतोय, त्याच्याबरोबरच त्याचा इतिहास यायला हवा, आणि तो त्याच्या तांत्रिक खाचाखोचांसकट यायला हवा.

उदाहरण देते. बायनरी सर्च.

ज्यांनी कम्प्युटर घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा बारावीच्या निकालाची छापील यादी आहे, सीट नंबरनुसार लावलेली. तुम्हाला तुमचा नंबर शोधायचाय. पहिल्या पानापासून एकेक वाचत बसायची गरज नाही. मधलं पान उघडा. तुमचा नंबर त्याहून मोठा असेल तर डावीकडचा गठ्ठा बाजूला. उरलेल्या अर्ध्याचं परत मधलं पान. दरवेळी अर्धी यादी गळते. दहा लाख नंबर असले तरी साधारण वीस वेळात काम होतं. इतकी सोपी कल्पना आहे. चौथीतल्या मुलाला कळेल.

मी वर्गात काय करते, लॅपटॉप बंद करायला लावते, कोरा कागद देते आणि सांगते, लिहा. वीस मिनिटं. मग कागद एकमेकांत बदलायचे आणि शेजाऱ्याचा प्रोग्रॅम हाताने चालवून बघायचा. रिकामी यादी द्या. एकच नंबर असलेली यादी द्या. दोनच नंबरांची द्या. यादीत नसलेला नंबर शोधायला सांगा. शेवटचा नंबर शोधायला सांगा. आणि मग वर्गात जो गोंधळ होतो! कोणाचा प्रोग्रॅम कधी थांबतच नाही, कोणाचा शेवटच्या नंबरापर्यंत पोचतच नाही. हुशार मुलं सगळ्यात जास्त चिडतात.

त्यानंतर मग इतिहास. बायनरी सर्चची पहिली छापील नोंद १९४६ ची आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये त्या उन्हाळ्यात व्याख्यानं झाली होती, त्यांत जॉन मॉकली यांनी ती मांडली. पण यादीची लांबी कितीही असली तरी बरोबर चालेल अशी पद्धत छापून यायला १९६० चं साल उजाडावं लागलं. मधे जवळजवळ चौदा वर्षं. आणि ही साधीसुधी माणसं नव्हती हं, त्या काळातले सगळ्यात तल्लख लोक होते.

चौदा वर्षं का लागली? सात नंबरांची यादी घ्या. मधला चौथा, दोन्हीकडे तीन-तीन. त्या तिनांचाही मधला नेमका सापडतो. सात, पंधरा, एकतीस अशा लांब्यांना सगळं सुबक जमतं. पण दहा नंबर घेतले की नेमका मध्यच नाही. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. मग टोकं कशी सरकवायची, कुठे थांबायचं, इथे सगळं घोडं अडतं. मुलांच्या कागदावरच्या चुका तिथेच असतात. आपण जिथे अडकलो तिथेच १९४६ सालचा माणूस अडकला होता, हे कळलं की वर्गाचा नूरच बदलतो.

गोष्ट अजून संपली नाही. जॉन बेंटली नावाचे संगणकशास्त्रज्ञ बेल लॅब्ज आणि आयबीएममध्ये अनुभवी प्रोग्रॅमरांचे वर्ग घेत. हाच प्रश्न ते त्यांना घालत आणि भरपूर वेळ देत. बेंटली लिहितात की नव्वद टक्के लोकांच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघायची. १९८६ च्या आपल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात त्यांनी बायनरी सर्च बरोबर कसा लिहायचा हे पायरीपायरीने दाखवलं, तो बरोबर आहे हे सिद्धही केलं.

आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी एक लेख लिहिला. हे बेंटलींच्या व्याख्यानाला विद्यार्थी म्हणून बसलेले, पुढे जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च यांनीच लिहिलेला. त्यांनी जाहीर केलं की त्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे, नऊएक वर्षं ती तशीच पडून होती, आणि बेंटलींच्या सिद्ध केलेल्या प्रोग्रॅममध्येही तीच आहे.

कुठली ओळ माहितीय? मध्य काढायची. डावं टोक अधिक उजवं टोक, भागिले दोन. बास. ही ओळ चुकीची.

गणितात चुकीची नाही. पण जावासारख्या भाषेत साध्या पूर्णांकाला बत्तीस बिटांची जागा असते. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. दोन टोकांची बेरीज याच्यापुढे गेली की जुन्या स्कूटरचा मीटर कसा ९९९९९ नंतर फिरून शून्यावर येतो, तसा हा आकडा फिरतो, फक्त शून्यावर न येता थेट उणे होतो. उणे नंबरचा रकाना मागितला की प्रोग्रॅम कोसळतो. यादी साधारण १०७ कोटींच्या पुढे गेली तर हे होऊ शकतं. १९८६ मध्ये एवढी यादी मेमरीत ठेवायची कल्पनाही कोणी करत नव्हतं, म्हणून चूक दिसली नाही. काळ बदलला, डेटा वाढला, आणि वीस वर्षं बरोबर मानलेली ओळ चुकीची निघाली. उपाय सोपा आहे. दोन टोकांमधलं अंतर काढा, त्याचं अर्धं करा, ते डाव्या टोकात मिळवा.

आता इथे लक्ष द्या. प्लेसमेंटची तयारी करणारी मुलं ही दुसरी, सुधारलेली ओळ घोकून येतात. यूट्यूबवर तशीच असते, एआयला विचारलं तर तोही बऱ्याचदा तीच देतो. मी विचारते, अशी का लिहिलीस? उत्तर येतं, “मॅडम, तशीच लिहितात.” आणि कित्येक जण ती पायथनमध्ये लिहितात, जिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो, म्हणजे तिथे ही काळजी घ्यायची गरजच नाही! इतिहास गळून पडला की काय होतं, त्याचं माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही. इलाज हातात आहे, आजार कुठला ते माहीत नाही.

जाता जाता, याच बत्तीस बिटांचं आणखी एक बिल यायचंय. युनिक्सची घड्याळं १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. ज्या जुन्या यंत्रांत ही मोजणी अजून बत्तीस बिटांत चालते, तिथली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. तेव्हा तुम्ही नोकरीत असाल. कदाचित ते दुरुस्त करायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल.

तर, इतिहास तांत्रिक असावा की नसावा, यावर या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांत चांगलीच जुंपली होती. डोनाल्ड नुथ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चे लेखक. २०१४ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डला एक व्याख्यान दिलं, त्याचा सूर असा की कम्प्युटर सायन्सचा इतिहास पातळ करू नका. मार्टिन कॅम्पबेल-केली या इतिहासकाराचा एक लेख वाचून ते व्यथित झाले होते. संगणकाचे इतिहासकार कंपन्या, बाजार, समाज यांच्याकडे वळले आणि कल्पना कशी सुचली, अल्गोरिदम कसा घडला हे लिहायचं सोडून दिलं, ही त्यांची तक्रार. त्यांना इतिहास हवा होता तो शोध लावणाऱ्याचं डोकं कसं चालतं हे बघायला.

पुढच्याच वर्षी थॉमस हेग या इतिहासकाराने उत्तर दिलं. साधारण असं, की बाबांनो, इतिहासकार इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरं शोधणार. तुम्हाला तांत्रिक इतिहास हवा असेल तर तुमच्या कम्प्युटर सायन्सच्या विभागांनी त्यासाठी माणसं नेमावीत, त्या कामाला प्रतिष्ठा द्यावी. ती तुम्ही देत नाही.

मला विचाराल तर वर्गापुरती मी नुथ यांच्या बाजूने. पण हेग यांचा टोला आपल्याला जास्त लागतो. आपल्याकडे किती इंजिनीअरिंग कॉलेजांत या विषयावर काम केलेला एक तरी शिक्षक असेल? आणि तांत्रिक इतिहास म्हणजे फक्त कोड, असंही नाही. माणसं कशी पुसली जातात तेही त्यातच येतं.

एनिॲकचं उदाहरण घ्या. तेच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र जगापुढे आणलं, अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब असलेलं. त्याला प्रोग्रॅम करायचं म्हणजे तारा जोडायच्या आणि बटणं लावायची. ते काम सहा मुलींनी केलं होतं. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. कुणी हातात मॅन्युअल ठेवलेलं नव्हतं, यंत्राच्या आकृत्यांवरून त्यांनी ते समजून घेतलं. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने जुन्या फोटोंमध्ये या बायका पाहिल्या आणि विचारलं, या कोण? तिला सांगण्यात आलं की यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल आहेत, फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. तिने तेवढ्यावर सोडलं नाही, म्हणून आज ही नावं आपल्याकडे आहेत.

वर्गात हा फोटो मी नावं न सांगता दाखवते आणि म्हणते, या काय करतायत ते फक्त फोटोवरून सांगा. हात कुठे आहेत बघा. नजर कुठे आहे बघा. पुरावा वाचायची सवय अशीच लागते.

तो पतंगाचा किस्साही असाच तपासायला द्यावा. तुम्ही ऐकलाच असेल, ग्रेस हॉपर यांना यंत्रात किडा सापडला आणि तेव्हापासून चुकीला ‘बग’ म्हणायला लागले. हार्वर्ड मार्क टू यंत्राची ती नोंदवही खरी आहे, ९ सप्टेंबर १९४७ ची, पतंग चिकटपट्टीने तिच्यात चिकटवलेला आहे. पण शेजारी लिहिलेलं वाक्य नीट वाचा. त्याचा अर्थ होतो, ‘खराखुरा बग सापडल्याची पहिली वेळ’. खराखुरा! म्हणजे खोटा बग, बोलण्यातला बग, त्यांना आधीपासून माहीत होता. म्हणून तर विनोद झाला. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातसुद्धा हा शब्द या अर्थाने आहे. आणि किडा सापडला तेव्हा हॉपर बाई तिथे नव्हत्या, त्या हा किस्सा रंगवून सांगायच्या. एका विशेषणावरून अख्खी दंतकथा सुटते, हे मुलांना फार आवडतं.

“मॅडम, पण हे प्लेसमेंटला विचारतात का?” दरवर्षी कोणीतरी विचारतंच. नाही विचारत. सरळ सांगते. आणि माझे शिक्षक मित्र विचारतात, सिलॅबस पुरा करताना नाकी नऊ येतात, त्यात हे कुठे बसवू? माझं गणित असं की एका प्रकरणाला पंधरा मिनिटं, सत्रात चार-पाच प्रकरणं. जमतं. लिंक्ड लिस्टला नाही सापडलं काही तर सोडून द्यावं. ओढूनताणून प्रत्येक गोष्टीला इतिहास चिकटवला तर तो परत जनरल नॉलेज होतो.

आता आपल्याकडचं. भारतात डिजिटल संगणक पहिल्यांदा आला कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, १९५५ मध्ये, इंग्लंडहून. पण मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, तो बनवायचं काम चाललं होतं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली. छोटं नमुना यंत्र १९५६ मध्ये चालू झालं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक.

हे एवढं सांगून थांबलं तर परत एक मार्काचा प्रश्न तयार होतो. म्हणून मी त्याच्या मेमरीकडे जाते. टिफ्रॅकच्या मेमरीत २०४८ खाने, प्रत्येक खान्यात ४० बिट. गुणाकार करा. ८१,९२० बिट, म्हणजे दहा केबी. तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा तो गुलाबाचा ‘शुभ सकाळ’ फोटो यात मावणार नाही! मग मुलांना काम देते. या २०४८ खान्यांतच प्रोग्रॅम आणि डेटा दोन्ही बसवायचे, आणि बाराशे मुलांचे गुण चढत्या क्रमाने लावायचे. मर्ज सॉर्ट वापरतो म्हणणारा पहिला अडकतो, कारण त्याला यादीएवढीच आणखी जागा लागते आणि ती नसते. ‘इन-प्लेस’ हा शब्द पुस्तकात शंभर वेळा वाचलेला असतो, पण तो कशासाठी आहे ते त्या दिवशी कळतं.

आणखी एक काम मी देते, सुट्टीसाठी. घरात, नात्यात, शेजारी कोणी बँकेत, एलआयसीत, रेल्वेत होतं का बघा. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रं आली. त्याआधी आणि नंतरही युनियनचा विरोध होता, नोकऱ्या जातील ही भीती होती. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा. “संगणक आल्यावर कसं वाटलं?” असं विचारू नका, “छान वाटलं” म्हणून विषय संपेल. विचारा, की हाताने लिहायचं लेजर शेवटचं कधी बंद केलं? पहिल्या दिवशी बेरीज जुळली का? एएलपीएम म्हणजे काय होतं? मग बघा आजोबा कसे खुलतात.

शेवटची गोष्ट तुमच्या हातातल्या फोनमधली आहे आणि ही मला सगळ्यात जवळची वाटते.

आपल्या मराठीत दोन ‘र’ आहेत. म्हणजे जोडाक्षरात. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायचं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यात आडवी चंद्रकोरीसारखी खूण येते. हिंदीत ही खूण लागत नाही, आपलं तिच्यावाचून अडतं. मग संगणकात ती आली कशी?

इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की ठरली, सात बिटांची, १२८ जागा. त्यात देवनागरीला जागा असायचा प्रश्नच नव्हता. भारतीय लिप्यांसाठी मग इस्की आली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. पुण्याच्या सीडॅकचा या कामात मोठा वाटा. कल्पना अशी की सगळ्या भारतीय लिप्यांचा एकच सांगाडा, म्हणजे कन्नडमध्ये लिहिलेलं बटण दाबून देवनागरीत दिसावं. आता तमिळमध्ये एक वेगळा, ठसकेबाज ‘र’ आहे. तो देवनागरीत दाखवायला खाली टिंब असलेला ऱ ठेवला. आणि आपली चंद्रकोर? तिला वेगळी जागा न देता ठरवलं, की हा टिंबवाला ऱ अर्धा केला की ती दिसेल. म्हणजे तुम्ही ‘दऱ्या’ लिहिता तेव्हा तमिळसाठी ठेवलेलं अक्षर वापरता!

युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच घेतला, त्यामुळे ही सोयही आली. पण १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच खूण काढायची आणखी एक रीत होती. साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह. तोवर लोकांनी तसं लिहिलेलं असणार, त्यांचं मोडायला नको म्हणून ती रीतही चालू ठेवली. आजही दोन्ही चालतात. पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. पहिल्या रीतीने ‘दऱ्या’त पाच चिन्हं, दुसऱ्या रीतीने सहा.

याचा परिणाम काय होतो? सरकारी यादीत एखाद्याचं आडनाव एका रीतीने टाइप केलेलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या रीतीने शोधलंत, तर साधा शोध ‘सापडत नाही’ म्हणेल. माणूस यादीत आहे, डोळ्यांना दिसतोय, पण शोधात नाही. आणि हे मराठीतच जास्त घडणार, कारण ही खूण आपल्याला पदोपदी लागते. तऱ्हा, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना... ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती सरकारी अर्जांत असेल विचार करा. मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला १९९१ आणि १९९६ चे हे दोन निर्णय माहीत नसतील, तर तो ही चूक दुरुस्त कुठून करणार? त्याला ती दिसणारसुद्धा नाही.

म्हणून या भागाबरोबर एक काम देते. शब्दांकनाच्या पानावर ‘दऱ्या’ हा शब्द शोधा, तुमच्या फोनच्या कीबोर्डने टाइप करून. सापडला तर तुमचा कीबोर्ड आणि आमचा कीबोर्ड एकाच रीतीचे. नाही सापडला तर दुसरा कीबोर्ड लावून परत बघा. पायथन येत असेल तर दोन्ही रीतींनी शब्द लिहा, त्यांची लांबी छापा आणि दोन्ही सारखे आहेत का ते विचारा. मग पुढची पायरी, दोन्ही एकच मानणारा शोध लिहून बघा. दहा-बारा ओळींचं काम आहे. काय निघालं ते कीबोर्डच्या नावासकट मला पाठवा, चांगल्या उत्तरांवर पुढच्या भागात बोलू.

चला, माझं स्टेशन आलं. भेटू.